डॉक्टर ईतार व त्यांचा मुका शिष्य

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खेडोपाडीच्या मंडळ्यांत उपासनेस जाण्याचा प्रसंग आम्हांस वरचेवर येतो. पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, एखादी आई आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलास मांडीवर घेऊन अगदी दाराजवळ बसलेली असते. त्या मुलास बोलता येत नाही, धड चालता येत नाही, आपल्या हाताने घासही घेता येत नाही. उपदेश चालू असता ते मूल मोठ्याने ओरडते, लोकांच्या माना वळतात, आणि ती बाई मुकाट्याने उठून बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसते. गावात कोणी त्याला खुळा म्हणतात, कोणी वेडा म्हणतात. सरकारी प्रमाणपत्रावर त्याच्या व्यंगाचा शेकड्याने आकडा लिहिलेला असतो. परंतु उपासना आटोपल्यावर त्या आईजवळ बसून मूल का ओरडले असे विचारावे, तर ती तत्काळ सांगते की, पेटी वाजावयाची थांबली म्हणून. त्याला आणखी एक गीत हवे होते. आणि बहुधा ते खरेच असते.

ज्याच्या जिभेवर एकही शब्द नाही, आणि ज्याची बुद्धीही वाढली नाही, अशा मनुष्याचे व त्याला सांभाळणाऱ्याचे बोलणे कसे चालते, ह्याचा विचार करिता आम्हांस फ्रान्स देशातील एका प्रसिद्ध वैद्याचे चरित्र आठवते. त्यांना मरून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. आम्ही ते येथे थोडक्यात देत आहो. त्यांनी जे साधले त्याबद्दल त्यांची कीर्ती झाली. पण त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना ज्याचे मोल पुरते कळले नाही, तेच आमच्या वाचकांच्या अधिक उपयोगाचे आहे असे आम्हांस वाटते.

झां मार्क गास्पार ईतार ह्यांचा जन्म सन १७७४ मध्ये दक्षिण फ्रान्सातील ओरेझों नावाच्या लहानशा गावी झाला. वडिलांच्या मनात मुलाने व्यापारात पडावे असे होते. इतक्यात त्या देशात मोठी राज्यक्रांती होऊन लढाया सुरू झाल्या, आणि सक्तीची शिपाईगिरी चुकावी म्हणून हे तरुण गृहस्थ तुलों बंदरातील लष्करी इस्पितळात मदतनीस म्हणून शिरले. वैद्यकीचे ज्ञान त्या वेळी त्यांना मुळीच नव्हते. पण काम करिता करिता ते शिकले व पुढे पॅरिस शहरी आले. तेथे मुक्या-बहिऱ्या मुलांची एक नामांकित शाळा होती. आबे द लेपे नावाच्या एका रोमन कॅथलिक पाळकाने अठराव्या शतकात ती स्थापून हातांच्या खुणांनी मुलांस शिकविण्याचा परिपाठ घातला होता. सन १८०० च्या अखेरीस ईतार हे त्या शाळेचे वैद्य नेमले गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी त्या शाळेत एक विलक्षण मुलगा आणिला गेला होता. लाकोनच्या रानात एक नागडे पोर कंदमुळे व ओकाची फळे खाऊन फिरते, असे तेथील शेतकऱ्यांनी सन १७९७ च्या सुमारास प्रथम पाहिले. त्याला दोनदा धरिले आणि दोनदा तो निसटला. पुढे जानेवारी १८०० मध्ये, कडाक्याच्या थंडीत, तो अवेरों प्रांतातील सें-सेर्नें गावच्या एका कातडे कमावणाऱ्याच्या घराशी आपण होऊन आला. वय अकरा-बारा असावे. अंगभर ओरखड्यांचे व्रण होते, आणि गळ्यावर आडवा एक मोठा व्रण होता. कोणी तरी लहानपणीच त्याला मारून टाकण्यासाठी रानात नेले असावे, असा तर्क त्यावरून निघाला. त्याला बोलता येत नव्हते, व कोणी बोलले तरी तो तिकडे लक्ष देत नसे.

पॅरिस शहर त्याला पाहावयास लोटले. रानात वाढलेला मनुष्य म्हणजे काही तरी अद्भुत दिसेल अशी लोकांची कल्पना. पण दिसले ते असे की, एक मळकट पोर पिंजऱ्यातील जनावराप्रमाणे सारखे पुढेमागे झुलत आहे, चावत आहे, आणि कोणाकडेही पाहत नाही. लोक विटले. वेड्यांच्या बेड्या काढविणारे म्हणून ज्यांचे नाव झाले, ते पिनेल नावाचे मोठे वैद्य. त्यांनी मुलास तपासून अभिप्राय दिला की, हा रानात राहिल्यामुळे असा झाला नसून जन्मतःच जड बुद्धीचा आहे व ह्याला काही शिकविता येणार नाही. पिनेल ह्यांचे म्हणणे खरे होते की काय, ह्याविषयी विद्वानांचा वाद अद्यापि मिटलेला नाही, आणि आम्ही त्यात पडत नाही. आमच्या मते ह्या कथेला त्यावाचून काही अडत नाही.

ईतार ह्यांनी मात्र हा अभिप्राय मानिला नाही. मुलाला त्यांनी आपल्याकडे घेतले व त्याचे नाव विक्तोर ठेविले. हे नाव ठेवण्याचे कारण एवढेच की, ‘ओ’ हा स्वर ऐकला म्हणजे तो मान वळवी. आणि त्याचे खाणेपिणे, निजविणे, न्हाणे, फिरावयास नेणे हे सर्व शाळेतील एका बाईकडे सोपविले. तिचे नाव गेरेंबाई. ती काही शिकलेली विदुषी नव्हती. नवरा तेथेच असे, आणि अकरा-बारा वर्षांची एक मुलगी रविवारी आईला भेटावयास येई. बाईच्या जन्मगावाची वा आईबापांची माहिती ग्रंथांत सापडत नाही. मोठ्यांच्या चरित्रांत अशा बायांना इतकीच जागा मिळते.

आरंभी ईतार ह्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रथम शिकविणे नाही. त्याला जे आवडते तेच मिळू द्यावयाचे. आवडीचे खाणे, पुष्कळ झोप, मोकळ्या रानात धावणे. एके सकाळी बर्फ पडलेले पाहताच तो अर्ध्या कपड्यांनिशी बागेत धावला, बर्फात लोळला आणि मुठीमुठीने ते खाऊ लागला. कढत पाण्यातून बटाटे हाताने काढी, तरी त्याला चटका जाणवत नसे. बंदुकीचा बार झाला तरी तो वळून पाहत नसे, पण मागे कोणी हळूच आक्रोड फोडला की तत्काळ मान फिरवी. म्हणजे कान शाबूत होते. जे आपल्या कामाचे तेवढेच ते ऐकत. रोज दोन-तीन तास ऊन पाण्याने न्हाऊ घालण्याचा क्रम बाईने ठेविला. थोड्याच महिन्यांत त्याला थंडी-ऊन समजू लागले, आणि पाणी पुरेसे ऊन आहे की नाही हे तो बोट बुडवून आपणच पाहू लागला.

आता मुख्य गोष्ट. ईतार ह्यांची सर्व धडपड मुलाच्या तोंडून शब्द निघावा ह्यासाठी होती. दुधाचा पेला समोर धरून ते दुधाचा शब्द पुनःपुन्हा उच्चारीत. पुष्कळ दिवसांनी विक्तोरने तो उच्चारिला. पण दूध मागण्यासाठी नव्हे, तर पेल्यात दूध पडलेले पाहून आनंदाने. ईतार ह्यांना हे फारसे उपयोगाचे वाटले नाही, कारण मागण्याचे साधन म्हणून शब्द यावयास हवा होता. वाचकहो, आपल्या घरातील लेकरू जेवणाचे ताट पाहून काही तरी आनंदाचा आवाज काढिते, तेव्हा त्याला आपण बोलणे म्हणत नाही काय? दुसरा एक उद्गार त्याने आपणच उचलला. गेरेंबाईला आश्चर्य वाटले की देवाचे नाव घेण्याची सवय होती. ते तिचे शब्द मोडक्या उच्चाराने, पण हर्षाच्या वेळी, तो काढू लागला. तसेच तिच्या मुलीच्या नावातील शेवटचा भाग तो पुटपुटत असे. शिकविलेला शब्द मुश्किलीने आला. न शिकविलेले दोन शब्द त्या बाईच्या सहवासाने आले.

परंतु तोंडाच्या शब्दांवाचून त्याचे जे बोलणे चाले ते फार मोठे होते. दूध हवे असले म्हणजे तो लाकडी वाडगा पुढे करी. जेवणास उशीर झाला तर तो मेजावर चादर आंथरी आणि बाईच्या हाती ताटल्या देऊन तिला स्वयंपाकघराकडे लोटी. कोणी पाहुणा नकोसा झाला, की त्याची टोपी, हातमोजे व काठी आणून त्याच्या हाती देई आणि दाराकडे नेई. एकचाकी ढकलगाडीत बसून फिरण्याची त्याला हौस होती. कोणास तरी दंडाला धरून आणावयाचे, गाडीचे दांडे त्याच्या हाती द्यावयाचे, आणि आपण आत जाऊन बसावयाचे. एवढे करूनही समोरच्याला कळले नाही तर पुन्हा उतरून, गाडी थोडी हालवून दाखवून, परत बसावयाचे. रात्री ईतार त्याच्या खोलीत गेले म्हणजे तो त्यांचे हात धरून आपल्या डोळ्यांवर, कपाळावर ठेवी आणि पुष्कळ वेळ तसेच धरून ठेवी.

हे सर्व ईतार ह्यांनीच आपल्या अहवालांत प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. तरी त्यांच्या लेखी ही शब्दांपूर्वीची एक पायरी होती. शब्द आला नाही म्हणजे काहीच आले नाही, असा हिशेब त्यांच्या मनात पक्का बसला होता.

तोंडाचे शब्द येईनात तेव्हा त्यांनी लाकडी व धातूची अक्षरे करविली. फ्रेंच भाषेत दुधाचा शब्द चार अक्षरांचा आहे. ती अक्षरे क्रमाने लावली की दूध मिळे, असा अभ्यास झाला. एके संध्याकाळी बाईबरोबर बाहेर जाताना विक्तोरने कोणी न सांगता ती चार अक्षरे खिशात घातली, आणि ज्या गृहस्थाच्या घरी त्याला नेहमी दूध मिळे त्याच्या मेजावर ती नीट मांडून दाखविली. पुढे तो लिहिलेले पुष्कळ शब्द ओळखू लागला, आणि खडू धरण्याचे साधन हरवले तेव्हा स्वयंपाकघरातील एका उपकरणापासून त्याने नवे करून घेतले. ज्याला काही शिकविता येणार नाही असे ठरविले होते, तोच हा.

आता ईतार ह्यांच्या दोन गोष्टी आम्हांस लपविता येत नाहीत. धडे कठीण होऊ लागले तसा मुलगा चिडे, अक्षरांच्या पाट्या फेकी, व कधी त्याला फेपऱ्यासारखे झटके येत. एकदा ईतार ह्यांनी त्याला धरून चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर डोके खाली करून लोंबत ठेविले. कारण उंचीचे त्याला भय वाटे हे त्यांना ठाऊक होते. आत घेतल्यावर तो थरथर कापत सर्व पाट्या गोळा करून लावू लागला, आणि मग बिछान्यावर पडून रडला. दुसऱ्या एका वेळी, त्याला न्यायाची जाणीव आहे की नाही हे पाहण्यासाठी, धडा बरोबर केला असता त्यांनी त्याला शिक्षेच्या कोठडीकडे ओढले. तो सर्व बळानिशी अडला व गुरूच्या हाताला कडकडून चावला. त्या चाव्याने ईतार ह्यांना आनंद झाला, कारण अन्याय कोणता हे ह्या मुलास कळते असे सिद्ध झाले. आम्हांस ह्या आनंदात सहभागी होता येत नाही. परंतु एवढे खरे की, चावणे हेही त्याचे एक उत्तर होते, आणि ह्या एका प्रसंगी तरी त्यांनी ते उत्तर म्हणून वाचले. आमच्याकडे असे मूल चावले तर त्याला मारतात. कशाचे उत्तर म्हणून चावले हे विचारीत नाहीत.

एकदा विक्तोर पळून गेला. पोलिसांनी धरून त्याला काही दिवस तुरुंगात ठेविले, कारण हा कोण हे त्याला सांगता येईना. गेरेंबाई ओळख पटवून त्याला आणावयास गेली. तिला पाहताच तो पांढराफटक पडला व क्षणभर बेशुद्ध झाला; तिने पोटाशी धरिले तेव्हा शुद्धीवर येऊन तो हर्षाने ओरडू लागला. पाहणाऱ्यांस हा कैदी व त्याची राखणदार असे न वाटता आई व मुलगा असे वाटले.

ह्यानंतरची एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. जेवणाचे मेज मांडण्याचे काम विक्तोरकडे असे. गेरेंबाईचा नवरा आजारी पडून वारला. त्या रात्री विक्तोरने रोजच्याप्रमाणे त्याचीही ताटली मांडिली. ती पाहून बाईला रडू कोसळले. विक्तोर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने ती ताटली उचलून कपाटात ठेविली, आणि पुन्हा कधीही मांडिली नाही. एकही शब्द बोलला गेला नाही. तिचे दुःख कशाने उठले हे त्याला कळले, आपल्या हातून ते झाले हे कळले, आणि ते कसे थांबवावे हेही कळले. सांत्वनास जाणाऱ्या आम्हां बोलक्या मंडळींना इतके नेहमी साधतेच असे नाही.

पाच-सहा वर्षांच्या खटपटीनंतर, सन १८०६ मध्ये, ईतार ह्यांनी दुसरा अहवाल सरकारास सादर केला आणि हा मुलगा कायमचा मुका राहणार असे मानून धडे सोडून दिले. येथे एक आश्चर्य सांगितले पाहिजे. ज्या शाळेत हे सर्व चालले, ती मुळी खुणांच्या भाषेचे माहेरघर. मासिय नावाचे बहिरे गृहस्थ तेथे गुरुजी होते. लॉरां क्लेर्क हे त्याच शाळेचे विद्यार्थी व पुढे गुरुजी. हेच क्लेर्क सन १८१६ मध्ये गॅलॉडेट नावाच्या प्रोटेस्टंट उपदेशकाबरोबर अमेरिकेस गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी हार्टफर्ड येथे बहिऱ्यांची शाळा उघडली. चहूकडे मुले हातांनी बोलत असता मध्ये बसलेल्या विक्तोरला मात्र ती भाषा रीतसर शिकविण्याचे झाले नाही. त्याला कान आहेत, तेव्हा त्याने जिभेनेच बोलले पाहिजे, हा आग्रह आड आला. आमच्या प्रभूने दकापलीस प्रांतात एका बहिऱ्या-तोतऱ्यास बरे केले, तेव्हा त्याला एकीकडे नेऊन प्रथम बोटांनी कान व जीभ ह्यांस स्पर्श केला आणि मग शब्द उच्चारिला, हे मार्काच्या सातव्या अध्यायात वाचकांनी पुन्हा पाहावे. जखऱ्या मुका झाला तेव्हाही त्याच्या शेजाऱ्यांनी खुणांनी विचारिले व त्याने पाटीवर लिहून उत्तर दिले.

विक्तोरचे पुढे काय झाले? गेरेंबाईने त्याला सोडिले नाही. सन १८११ पासून तो शाळेबाहेर जवळच एका घरी तिच्यापाशी राहू लागला. सरकाराकडून तिला थोडा निर्वाहखर्च मिळे. सन १८२८ मध्ये तो मरण पावला. त्याचे वय चाळिशीच्या आसपास असावे. ह्या सतरा वर्षांविषयी कोणी फारसे लिहिले नाही, कारण प्रयोग संपला होता. त्या दोघांत आणखी कोणत्या खुणा रूढ झाल्या, कोणत्या आवाजाचा काय अर्थ ठरला, ते सर्व त्यांच्याबरोबर गेले.

ईतार ह्यांची कीर्ती मात्र वाढत गेली. कानाच्या रोगांवर सन १८२१ मध्ये त्यांनी लिहिलेला ग्रंथ त्या शास्त्राच्या आरंभीच्या ग्रंथांत गणिला जातो. बहिऱ्या मुलांचे कान उघडावेत म्हणून त्यांनी पुष्कळ वेदनेचे उपाय केले व ते बहुतेक निष्फळ झाले. उतारवयात मात्र बहिऱ्यांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेस योग्य स्थान आहे हे त्यांनी मान्य केले. हे त्यांच्या थोरपणाचे लक्षण होय. पण विक्तोरला त्याचा काही उपयोग झाला नाही. सन १८३८ मध्ये पॅरिसजवळ पासी येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मरणाच्या आदल्या वर्षी सेगें नावाच्या एका तरुणास त्यांनी एका मतिमंद मुलास शिकविण्याच्या कामी सल्ला दिला. सेगें ह्यांनी अशा मुलांसाठी पॅरिसमध्ये व मागाहून अमेरिकेत मोठे काम केले. ईतार व सेगें ह्यांची पुस्तके इटलीतील मारिया माँटेसरी ह्या डॉक्टरीण बाईंनी आपल्या हाताने उतरून काढिली, आणि सन १९०७ मध्ये रोम शहरी गरिबांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. बाई सन १९३९ मध्ये हिंदुस्थानात मद्रासेस आल्या. त्यांची पद्धत आपल्या महाराष्ट्रात तळागाळापर्यंत नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक ह्यांचे. त्यांनी सन १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत बालवाड्या चालविल्या. आज आमच्या पैठण, गंगापूर, कन्नड तालुक्यांतील अंगणवाड्यांत खाचेत बसवावयाचे जे लाकडी गोल व चौकोन दिसतात, त्यांचे मूळ विक्तोरच्या खोलीपर्यंत पोहोचते. जे साधन मुक्या व मंद मुलासाठी निघाले, त्यावर सर्वांची मुले शिकतात, आणि कित्येक ठिकाणी मंद मुलालाच तेथे बसू देत नाहीत. अंगणवाडीच्या सेविका आमच्या मंडळ्यांतही आहेत. त्यांनी ह्याचा विचार करावा.

एक लहानशी सूचना मात्र करावयाची राहिली. आई आजारी पडून घाटीच्या रुग्णालयात दाखल होते, तेव्हा घरी राहिलेल्या अशा मुलाची भाषा जाणणारे कोणी उरत नाही. ते उपाशी आहे की त्याचे पोट दुखते, हे आजीलाही कळत नाही. स्कॉटलंडात गेल्या शतकाच्या शेवटी अशा मुलांसाठी लहान पुस्तिका करण्याची चाल पडली. मुलाच्या वतीने तीत लिहितात की, मी असे केले म्हणजे माझे म्हणणे असे असते. ह्याला खर्च काही नाही. दहा-वीस रुपयांची वही पुरे. आईला लिहिता येत नसेल तर शब्बाथशाळेच्या कोणी मुलाने तिच्याजवळ बसून लिहून घ्यावे: मान डाव्या बाजूस टाकली म्हणजे पाणी, हाताची मूठ तोंडात घातली म्हणजे दाढ दुखते, ओढणीचे टोक ओढले म्हणजे बाहेर न्या, पेटी थांबल्यावर ओरडला म्हणजे आणखी एक गीत. वही घरातील कोनाड्यात ठेवावी, आणि तिची एक प्रत पाळकांच्या घरी असावी.